अकरावीतला मुलगा, रॅप आणि वहीची मागची पानं

ताई, तुमचा प्रश्न वाचला, दोन ओळींत उत्तर देण्यासारखा नाहीये म्हणून जरा सविस्तर लिहितोय. तुम्ही म्हणताय मुलगा अकरावी सायन्सला आहे, कानात सतत हेडफोन, वहीच्या मागच्या पानांवर हिंदी-मराठी मिक्स काहीतरी लिहीत असतो आणि रविवारी संध्याकाळी मित्रांबरोबर बागेत सायफरला, म्हणजे गोल करून आळीपाळीने रॅप करायला, जातो. त्याच्या फोनमधली गाणी तुम्ही ऐकलीत तर अर्ध्या शिव्या आणि उरलेल्यात गाड्या-पैसा. मिस्टर म्हणतात पोरगं हातातून चाललंय, मुलगा म्हणतो आई यातून लाइफ शिकायला मिळतं, आणि तुम्हाला कळत नाहीये की नक्की काय शिकायला मिळतं. शिवाय तो माइक मागतोय, तो द्यायचा की नाही.

मी बीट, म्हणजे रॅपच्या मागे वाजणारं संगीत, बनवतो, लोकांची गाणी रेकॉर्ड आणि मिक्स करून देतो, आणि सुट्टीच्या दिवशी कॉलेजच्या मुलांना रॅप लिहायला शिकवतो. बरीच वर्षं हेच करतोय, त्यामुळे तुमच्यासारखे आईवडील मला नेहमी भेटतात आणि सगळे सुरुवात गाण्यांपासूनच करतात. पण मला वाटतं तुमची खरी अडचण वेगळी आहे. मुलगा काहीतरी घडवतोय की नुसता वेळ घालवतोय हे तुम्हाला ओळखता येत नाहीये, आणि ते त्याची प्लेलिस्ट ऐकून कधीच ओळखता येणार नाही. हिप हॉपमध्ये, म्हणजे रॅप, डीजे, नाच हे सगळं ज्यात येतं त्यात, रोजच्या जगण्याला उपयोगी पडेल असं जे काही आहे ते गाण्याच्या शब्दांत फार कमी सापडतं, ते सापडतं हे सगळं करायच्या पद्धतीत. म्हणजे काय ते सांगतो.

आधी शिव्यांचं बोलू, तो मुद्दा टाळला तर पुढचं तुम्हाला पटणारच नाही. शिव्या आहेत. बायकांबद्दल घाण बोललेलं आहे, बंदुका आहेत, नशेची फुशारकी आहे, आणि कला आहे म्हणून ते झाकायची मला गरज वाटत नाही. माझ्या वर्कशॉपमध्ये सरळ नियम आहे, कोणाच्या आईबहिणीवरून, जातीवरून किंवा दिसण्यावरून ओळ आली तर ती मी रेकॉर्ड करत नाही, आणि का करत नाही त्यावर मुलांशी भांडायला मी तयार असतो. ही भांडणं चांगली होतात, कारण तोपर्यंत त्या ओळीबद्दल कोणी त्यांना काही विचारलेलंच नसतं.

पण एक गोष्ट समजून घ्या. हिप हॉप सुरू झालं १९७३ ला आणि त्याचं पहिलं जगभर गाजलेलं रेकॉर्ड आलं १९७९ ला. मधली सहा वर्षं हा सगळा प्रकार रेकॉर्ड कंपन्यांशिवाय चालला, पार्ट्यांमध्ये, पार्कात, शाळांच्या जिममध्ये, कॅसेटवरून कॅसेटवर कॉपी होत. आणि १९७९चं ते रेकॉर्ड, शुगरहिल गँगचं 'रॅपर्स डिलाइट', हे सगळं जिथे सुरू झालं त्या न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागातल्या कुठल्या नावाजलेल्या क्रूचं, म्हणजे गटाचं, नव्हतंच, न्यू जर्सीत सिल्व्हिया रॉबिन्सन यांनी तीन पोरं जमवून ते करून घेतलं. त्यातला बिग बँक हँक पिझ्झाच्या दुकानात काम करायचा आणि त्याने ज्या ओळी म्हटल्या त्या ग्रँडमास्टर कॅझ नावाच्या ब्राँक्सच्या एमसीच्या, म्हणजे माइकवर रॅप करणाऱ्याच्या, होत्या. इतक्या जशाच्या तशा उचललेल्या की कॅझचं आधीचं नाव कॅसानोव्हा फ्लाय होतं, त्याचं स्पेलिंगसुद्धा हँक त्यात म्हणून जातो. गाणं जगभर वाजलं आणि ज्याने ओळी लिहिल्या त्याचं नाव त्यावर नव्हतं.

म्हणजे बाजारात जे विकलं जातं आणि गोल करून उभ्या असलेल्या पोरांमध्ये जे घडतं, या दोन गोष्टी पहिल्या मोठ्या रेकॉर्डपासूनच वेगळ्या आहेत. कंपनीला जे पटकन खपेल ते हवं असतं, आणि राग, पैसा, भपका हे पटकन खपतं. तुम्ही मुलाच्या फोनवर जे ऐकलंत ते बहुतेक बाजारातलं. तो रविवारी बागेत जे करतो ते दुसऱ्या बाजूचं. त्यामुळे पहिलं ऐकून दुसऱ्याचा निकाल लावू नका.

आता ही दुसरी बाजू कुठून आली ते बघा, कारण धडा म्हणून जे काही आहे ते तिथेच आहे. न्यूयॉर्कच्या ब्राँक्समध्ये १९४८ ते १९७२ या काळात वस्त्या मधोमध कापत क्रॉस ब्राँक्स एक्स्प्रेसवे बांधला गेला, हजारो कुटुंबं उठवली गेली, ज्यांना परवडलं ते निघून गेले, जे राहिले ते बहुतेक गरीब काळे आणि प्युर्तो रिकन लोक. सत्तरच्या दशकात तिथे इमारतींना आगी लागत होत्या, त्यातल्या काही घरमालकांनीच इन्शुरन्ससाठी लावलेल्या. पोरांच्या गँग होत्या, एका गल्लीतला मुलगा दुसऱ्या गल्लीत जाऊ शकत नव्हता. डिसेंबर १९७१ मध्ये गेटो ब्रदर्स नावाच्या गँगचा एक जण, ब्लॅक बेंजी म्हणायचे त्याला, दोन गटांत समझोता करायला गेला आणि तिथेच मारला गेला. सगळ्यांना वाटलं आता शहरभर रक्त सांडणार. पण त्याच्या आईनेच सांगितलं की बदला नको, आणि आठवड्याभरात हो अव्हेन्यूवरच्या बॉइज क्लबात सगळ्या गँगची बैठक बसली, तह झाला. तो तह पूर्णपणे टिकला असं नाही, पण पोरं एकमेकांच्या हद्दीत जायला लागली, आणि हे झालं नसतं तर पुढच्या पार्ट्यांना वेगवेगळ्या गल्ल्यांतली पोरं एकत्र आलीच नसती. हिप हॉप हिंसेतून आलं असं लोक बोलतात तेव्हा मला ही बैठक आठवते, मला तर ते हिंसेला कंटाळलेल्या पोरांनी केलेलं काम वाटतं.

मग ११ ऑगस्ट १९७३. सिंडी कॅम्पबेल नावाच्या मुलीला शाळा सुरू व्हायच्या आधी नवीन कपडे घ्यायचे होते, पैसे नव्हते, म्हणून तिने १५२० सेजविक अव्हेन्यू या आपल्या बिल्डिंगमधल्या हॉलमध्ये पार्टी ठेवली. हाताने लिहिलेली कार्डं वाटली, मुलींना २५ सेंट, मुलांना ५० सेंट. गाणी लावायला भाऊ क्लाइव्ह, जमैकातून आलेला, वय १८, ज्याला जग डीजे कूल हर्क म्हणून ओळखतं. या हर्कचं एक निरीक्षण होतं. फंकची, म्हणजे तालावर भर असलेली नाचायची, गाणी लागली की लोक नाचायचे खरे, पण काही पोरं थांबून राहायची, आणि गाण्यात मध्येच जो तुकडा येतो जिथे गायक गप्प होतो आणि फक्त ड्रम-बोंगो उरतात, त्या काही सेकंदांसाठी मैदानात उडी घ्यायची. त्या तुकड्याला ब्रेक म्हणतात, त्यावर नाचणारी ती बी-बॉय, बी-गर्ल. हर्कने काय केलं, एकाच रेकॉर्डच्या दोन कॉपी दोन टर्नटेबलवर, म्हणजे रेकॉर्ड वाजवायच्या यंत्रांवर, लावल्या आणि एकीवरचा ब्रेक संपला की दुसरीवरचा सुरू, असं करत तो चिमूटभर तुकडा मिनिटं न् मिनिटं चालवला.

माझ्या मते हिप हॉपचा पहिला आणि सगळ्यात कामाचा धडा हाच आहे. हर्कने नवीन वाद्य आणलं नाही, नवीन गाणं लिहिलं नाही, रेकॉर्ड सगळ्यांकडे होती तीच. त्याने स्पीकरकडे बघायचं सोडून लोकांकडे बघितलं. मी आजही हेच करतो. क्लायंट गाणं घेऊन येतो आणि सांगतो दादा हुक, म्हणजे मुखडा, एकदम भारी झालाय, मी म्हणतो मित्राला बोलव, मित्रासमोर गाणं वाजवतो आणि मी मित्राकडे बघत बसतो. त्याची मान कुठे हलते, फोन कुठे हातात घेतो. दहापैकी सात वेळा मान हुकवर हलत नाही, मधल्याच कुठल्यातरी चार बारवर (बार म्हणजे चार ठोक्यांचा तुकडा) हलते, मग आम्ही ते चार बार पुढे आणतो. हे दुकानात चालतं, वर्गात शिकवताना चालतं, घरात पण चालतं, समोरचा माणूस कुठे जागा होतो ते बघायचं आणि तिथून धरायचं.

हर्क सुई अंदाजाने टाकायचा त्यामुळे दोन तुकड्यांमधला ताल तुटायचा. ते ज्याने सोडवलं तो जोसेफ सॅडलर, म्हणजे ग्रँडमास्टर फ्लॅश. बार्बाडोसमध्ये जन्मलेला, ब्राँक्सच्या शाळेत इलेक्ट्रॉनिक्स शिकणारा पोरगा. त्याचं काम मी मुलांना नेहमी सविस्तर सांगतो कारण रॅप म्हणजे टॅलेंट, ते असतं किंवा नसतं, असं ज्यांना वाटतं त्यांनी हे ऐकावंच. रेकॉर्डवर ब्रेक नक्की कुठे सुरू होतो ते सापडावं म्हणून तो खडूसारख्या क्रेयॉनने रेकॉर्डवरच खूण करायचा, मग उलटं फिरवताना किती फेरे मागे जायचं ते घड्याळाच्या काट्यासारखं डोळ्यांनी मोजायचा. टर्नटेबलवरचा रबरी मॅट रेकॉर्डला धरून ठेवतो म्हणून त्याने कापडाचा, फेल्टचा गोल कापला आणि आईची कपड्यांना मारायची स्टार्च त्यावर मारून तो कडक केला, म्हणजे खाली प्लेट फिरत राहील आणि वर रेकॉर्ड बोटाने थांबवता येईल. पुढची रेकॉर्ड लोकांना ऐकू न जाता आधी हेडफोनमध्ये तपासता यावी म्हणून स्विच स्वतः जोडला. रेकॉर्डवर बोट टेकवणं हे त्या काळी पापच, आणि याने तेच हत्यार केलं.

आणि मग काय झालं ते जास्त महत्त्वाचं. इतकी मेहनत करून त्याने हे लोकांसमोर केलं तेव्हा लोक नाचलेच नाहीत, नुसते उभं राहून बघत राहिले. फ्लॅशने स्वतः ही गोष्ट अनेकदा सांगितलीय, त्याला रडू आलं होतं. त्याने तंत्र सोडलं नाही, पण नुसतं तंत्र पुरत नाही हे ओळखलं आणि माइक लावून लोकांशी बोलायला माणूस आणला, काउबॉय नावाचा, आणि मग मेली मेल आणि बाकीचे आले. डीजेच्या शेजारी उभा राहून लोकांना गुंतवून ठेवणारा एमसी असा मोठा होत गेला. तुमचा मुलगा जे करतोय त्याची मुळं ही आहेत, कोणीतरी खपून काहीतरी बनवलं, लोकांना ते पोचलं नाही, आणि मग ते पोचवायची जबाबदारी पण बनवणाऱ्यांनीच घेतली. अभ्यासात हुशार पण तोंडी परीक्षेत गप्प बसणारी, काम उत्तम पण साहेबाला ते सांगता न येणारी किती माणसं आपण बघतो.

आता तुमच्या मुलाच्या वहीकडे येऊ. रॅपची एक व्हर्स, म्हणजे कडवं, साधारण सोळा बारची असते, एका बारमध्ये चार ठोके, म्हणजे ६४ ठोके, ९० बीपीएमच्या, म्हणजे मिनिटाला ९० ठोक्यांच्या, बीटवर ते भरतात साधारण ४३ सेकंद. ऐकायला किती कमी वाटतं. पण या ४३ सेकंदांत एकही शब्द फुकट चालत नाही आणि श्वास कुठे घ्यायचा तेही ठरवून लिहावं लागतं. मुलं पहिल्यांदा जे लिहून आणतात ते जवळपास नेहमी असं असतं:

रोज सकाळी मी लोकल पकडतो
गर्दीमध्ये मी उभा राहतो
दिवसभर मी काम करतो
रात्री थकून घरी येतो

मुलगा खूश असतो कारण यमक जुळलंय. मी त्याला दाखवतो की बाबा हे तू जुळवलेलं नाहीस, मराठीत क्रियापद शेवटी येतं त्यामुळे तो-तो-तो हे व्याकरणाने तुला फुकटात दिलंय, आणि फुकट मिळालेलं यमक ऐकणाऱ्याला लगेच कळतं. मग मी दोन अटी घालतो, क्रियापद शेवटी ठेवायचं नाही आणि 'मी' काढून टाकायचा. आणि प्रश्न विचारतो. कुठली लोकल? किती वाजताची? उभा कुठे राहतोस, आत की दारात? पाय पूर्ण टेकतात का? पोरगा आधी वैतागतो, मग विचार करतो, मग पुढच्या वेळी हे घेऊन येतो:

सात छप्पन्नची फास्ट, दारात डावा पाय
उजव्याला जागा होईल तेव्हा होईल, घाई काय

हे एका मुलाने खरंच माझ्यासमोर बसून लिहिलेलं आहे. पहिल्या चार ओळींमध्ये जो मुलगा होता तो कोणीही असू शकत होता, या दोन ओळींमध्ये एकच मुलगा आहे आणि तो दारात लटकलाय. पहिली ओळ म्हणून बघा, फास्टवर थांबता येतं, पायवर ठोका पडतो, मग उजव्याला म्हणायच्या आधी बारीक श्वास घ्यायलाच लागतो, आणि शेवटचं 'घाई काय' मुद्दाम आरामात म्हटलं की गर्दी आणि त्याचा बेफिकीरपणा दोन्ही एकदम ऐकू येतात. हे जमायला वहीत पाचपाच वेळा खोडावं लागतं, फोनवर रेकॉर्ड करून स्वतःचाच आवाज ऐकावा लागतो, जो कोणालाच आवडत नसतो, आणि आपल्याला फार आवडलेली ओळ बारमध्ये बसत नाही म्हणून काढून टाकावी लागते. असं खोडणं ज्याला जमलं तो निबंध, ईमेल, नोकरीचा अर्ज काहीही लिहिताना 'मी अत्यंत मेहनती आहे' असं लिहीत नाही, काय केलं ते लिहितो. माझ्याकडच्या मुलांमध्ये हा फरक मी स्वतः बघितलेला आहे.

म्हणून वहीची मागची पानं बघा ताई, पण त्याला विचारून बघा, चोरून नको. त्यात खाडाखोड किती आहे ते बघा. सगळं एका दमात लिहिलेलं, एकही काट मारलेली नाही, तर तो अजून मजा घेतोय, त्यातही वाईट काही नाही. पण शब्द कापलेत, ओळींखाली रेघा किंवा ठोक्यांच्या खुणा आहेत, एकच ओळ तीन प्रकारे लिहिलीय, तर पोरगा काम करतोय.

सायफरबद्दल तुम्हाला भीती वाटणं साहजिक आहे, संध्याकाळी बागेत पोरं गोल करून उभी राहतात आणि एकमेकांवर ओरडतात असं लांबून दिसतं. आतून ते असं चालतं: एक जण तोंडाने बीट देतो, बीटबॉक्स म्हणतात ते, किंवा फोनवर छोट्या स्पीकरला लावतात, आणि ज्याला वाटेल तो आत शिरतो. दुसऱ्याचं चालू असताना मध्ये घुसायचं नाही, संपत आलं की नजरेने किंवा हाताने कळवतात, मग पुढचा. अडखळलास तर तिथेच सावरायचं, थांबून सॉरी म्हणायची पद्धत नाही, बहुतेक वेळा बाकीचे ओरडून तुला उचलून धरतात. बॅटल असेल तर समोरच्याची टर उडवायची, अगदी तोंडावर, पण अंगाला हात लावायचा नाही, आणि संपल्यावर हात मिळवायचा. दुसऱ्याची ओळ किंवा स्टाइल आपली म्हणून खपवली तर त्याला बाइटिंग म्हणतात आणि त्याइतकी नाचक्की दुसरी कशात नाही, कॅझची गोष्ट पोरं अजून सांगतात ती त्यामुळेच. तुमच्या मिस्टरांनी गावाकडे शाहिरांचा कलगी-तुरा ऐकला असेल तर त्यांना हे सांगा, दोन फड समोरासमोर, प्रश्न टाकायचा, गाण्यातच उत्तर द्यायचं, आणि जिंकायचं ते बुद्धीवर आणि पाठांतरावर. ब्राँक्सच्या पोरांना कलगी-तुरा माहीत नव्हता, याचा त्याच्याशी काही संबंध नाही, पण मिस्टरांना तो गोल लांबून इतका परका वाटणार नाही.

या गोलातून काय मिळतं? चार लोकांसमोर पडायची सवय मिळते. आपल्याकडे मुलं दहावी-बारावीपर्यंत चुकायचं कसं हे शिकतच नाहीत, चुकलं की मार्क जातात एवढंच माहीत असतं. सायफरमध्ये मुलगा दर रविवारी पाचदा चुकतो, लोक हसतात, आणि पुढच्या रविवारी तो परत जातो. समोरून टोमणा आला की मूठ न वळता त्याचं उत्तर शोधायचं, तेही तालात, हा सराव सोळा-सतराव्या वर्षी मिळणं मला फार मोलाचं वाटतं. आणि ऐकणं, कारण समोरचा काय बोलला ते नीट ऐकलं नसेल तर उत्तर देताच येत नाही, वहीतून पाठ करून आलेली ओळ तिथे लगेच पकडली जाते.

आता कशावर अवलंबून आहे ते प्रामाणिकपणे सांगतो, सगळ्यांना हे मिळतंच असं नाही. नुसतं ऐकणाऱ्याला यातलं जवळपास काहीच मिळत नाही, हेडफोन लावून दिवसभर दुसऱ्याचा राग आणि दुसऱ्याच्या गाड्या ऐकल्या तर ती नुसती करमणूक आहे, आणि लाइफ शिकायला मिळतं हे वाक्य तेव्हा पोकळच. संगत कशी आहे यावर खूप अवलंबून आहे. ज्या गोलात मोठी मुलं लहानांना सांगतात, शिकवतात, बीट शेअर करतात तो चांगला गोल, हिप हॉपमध्ये एकाने शिकलं की पुढच्या एकाला शिकवायचं ही जुनी रीत आहे. जिथे गाण्यापेक्षा सिगारेट-दारूच जास्त चालते तिथे नाव सायफर असलं तरी मी माझ्या मुलाला पाठवणार नाही. कोण कोण असतं, किती वाजता संपतं, हे तुम्ही विचारायलाच पाहिजे, एकदा तुम्ही किंवा मिस्टर लांबून बघून या, लपून नको, त्याला सांगून.

अभ्यासाचं म्हणाल तर अकरावी सायन्स जड आहे आणि वेळ तेवढाच आहे. रॅप केल्याने फिजिक्स सुधारत नाही. रविवार संध्याकाळ आणि रोजची अर्धा-पाऊण तास वही, एवढ्यात हे सगळं छान बसतं, त्याहून जास्त आत्ता लागत नाही. आणि करिअर? ते डोक्यात ठेवून बघू नका, दोन्ही बाजूंनी. यातून पोट भरणारे थोडे आहेत, माझंही घर मुख्यतः दुसऱ्यांची गाणी रेकॉर्ड करून चालतं. पण पैसे मिळणार नाहीत म्हणून वाया, असं गणित आपण क्रिकेट खेळणाऱ्या मुलाला लावत नाही ना, मग याला का लावायचं.

शिव्यांच्या गाण्यांचं काय करायचं? बंदी घालून उपयोग होत नाही, हेडफोनच्या आत बंदी पोचत नाही. त्याच्याबरोबर बसून एक गाणं ऐका आणि विचारा, ही ओळ तुझ्या बहिणीबद्दल कोणी म्हटली तर? उत्तर लगेच नाही येणार, येऊ देत सावकाश. आणि त्याला आपल्या जवळचं ऐकायला सांगा, तो ऐकत असेलच. अंधेरीचा डिव्हाइन, कुर्ल्याचा नेझी, धारावीतले क्रू, अमरावतीचा १०० आरबीएच मराठीत रॅप करतो. मुंबईच्या स्वदेशी या ग्रुपने आरेच्या जंगलातल्या आदिवासींसाठी तिथलेच प्रकाश भोईर यांना बरोबर घेऊन गाणं केलं. यांच्याकडेही शिव्या असतात, पण आपली गल्ली, आपलं घर, आपली भाषा यांबद्दल बोलायला लाज वाटायचं कारण नाही हे मुलांना यांच्याकडून कळलं. वर्कशॉपमध्ये सुरुवातीला अमेरिकन अ‍ॅक्सेंट काढणारी मुलं काही महिन्यांत आजीच्या बोलीत लिहायला लागतात, ते मला सगळ्यात जास्त आवडतं.

तुम्ही एक करून बघा. त्याला म्हणा मला एक व्हर्स म्हणून दाखव. तो लाजेल, नको म्हणेल, चार दिवस जाऊ द्या, परत म्हणा. दाखवली तर लगेच 'छान छान' म्हणू नका आणि 'यात शिव्या का' हेही पहिल्याच दिवशी नको. एखादी ओळ कळली नाही तर ती धरून विचारा, म्हणजे काय रे हे? ज्या आईने ओळ धरून प्रश्न विचारला तिच्यासाठी मुलगा पुढची ओळ जास्त जपून लिहितो. मिस्टरांना पण बसवा, काही न बोलता बसले तरी चालेल.

आणि माइक. आत्ता नका घेऊ. नेझीने २०१४ मध्ये ज्या गाण्याने नाव कमावलं ते आयपॅडवर रेकॉर्ड केलेलं होतं. त्याच्याही आधी, १९८७ ला आलेलं एसपी-१२०० हे आवाजाचे तुकडे साठवून वाजवणारं मशीन, ज्यावर न्यूयॉर्कच्या कितीतरी मोठ्या बीट बनल्या, त्यात एकूण फक्त दहा सेकंदांचा आवाज मावायचा, तर लोक मिनिटाला ३३ फेऱ्यांची रेकॉर्ड ४५ फेऱ्यांवर पळवून आत घ्यायचे आणि मशीनमध्ये परत हळू करायचे, म्हणजे तेवढ्याच जागेत जास्त बसायचं. मुलाकडे फोन आहे ना, पुष्कळ झालं. पंखा बंद करायचा, कपड्यांचं कपाट उघडून त्यात तोंड करून उभं राहायचं, फोन तोंडापासून वीतभर लांब आणि थोडा बाजूला, म्हणजे प, फ, भ म्हणताना हवा आपटत नाही. अशा तीन पूर्ण व्हर्स, शेवटपर्यंत, न अडखळता, त्याने रेकॉर्ड करून तुम्हाला ऐकवल्या की मग माइकचं बोलू असं त्याला सांगा.

तेव्हा घ्यायचाच झाला तर तो बहुतेक कंडेन्सर माइक मागेल कारण व्हिडिओंमध्ये तोच दिसतो, पण आपल्या फ्लॅटमध्ये तो कुकरच्या शिट्टीपासून खालच्या रिक्षापर्यंत सगळं पकडतो. साधा डायनॅमिक माइक घ्या, चांगल्या कंपनीचा सेकंडहँड पण चालतो, तो फक्त जवळचा आवाज धरतो आणि पडला तरी सहसा बिघडत नाही. फोनला किंवा लॅपटॉपला जोडायला छोटा इंटरफेस, म्हणजे माइकचा आवाज त्यात पोचवणारा डबा, लागेल, तो घेण्याआधी मॉडेलचं नाव इथे टाका, चालेल की नाही ते मी सांगतो.